पडदा कुणी सारायचा?

लंडनच्या हेवर्ड गॅलरीत २०२३च्या ऑक्टोबरात हिरोशी सुगिमोतो यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन सुरू झालं आणि पुढच्या जानेवारीपर्यंत चाललं. समुद्र, सिनेमागृहं, मेणाचे पुतळे या त्यांच्या गाजलेल्या मालिकांबरोबर तिथे 'बुद्धांचा सागर' ही मालिकाही होती. कृष्णधवल चित्रं, आणि प्रत्येकात उभ्या मूर्तींच्या ओळींमागे ओळी. पहिल्या नजरेला सगळी चित्रं एकच वाटतात. थोडं थांबून, जवळ जाऊन पाहिलं की एकेक मूर्ती वेगळी होऊ लागते. कुणाच्या गालावर उजेड जास्त, कुणाचे ओठ किंचित आवळलेले, कुणाच्या पापण्या अधिक मिटलेल्या. मस्तकावर छोटी छोटी मुखं, छातीशी जोडलेले दोन हात आणि दोन्ही अंगांना फाकलेले बाकीचे हात.

या मूर्ती क्योतोच्या सांजुसांगेन्दो मंदिरातल्या. अवलोकितेश्वराला जपानी लोक कान्नोन म्हणतात. त्याच्या सहस्रभुज रूपाच्या एक हजार एक मूर्ती इथे आहेत. सुमारे १२० मीटर लांबीच्या लाकडी सभागृहात मधोमध एक मोठी बैठी मूर्ती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे उभ्या. तायरा नो कियोमोरी या बलाढ्य सरदाराने निवृत्त सम्राट गो-शिराकावासाठी ११६४ साली हे मंदिर बांधलं. १२४९च्या आगीत ते जळालं. जुन्या मूर्तींपैकी १२४ तेवढ्या वाचल्या, बाकीच्या तांकेई आणि इतर शिल्पकारांनी नव्याने घडवल्या, आणि १२६६ साली आजची वास्तू उभी राहिली. राखण करायला अठ्ठावीस देवता आहेत. त्यांत इंद्र आहे, ब्रह्मा आहे, नारायण आहे, गरुडही आहे. मराठी माणसाला इथे घरचेच देव जपानी वेशात भेटतात.

मंदिराच्या आत फोटो काढायला मनाई आहे. सुगिमोतोंनाही परवानगी सहजासहजी मिळाली नाही, त्यासाठी त्यांना सात वर्षं वाट पाहावी लागली. १९९५च्या उन्हाळ्यात ती मिळाली, तेव्हा त्यांनी सभागृहातले नळदिवे बंद करवले, नंतरच्या काळात चढवलेली सजावट दूर करवली आणि पहाटे हिगाशियामाच्या डोंगरांवरून येणाऱ्या पहिल्या उजेडात काम केलं. आठशे वर्षांपूर्वीच्या भाविकाला या मूर्ती जशा दिसल्या असतील तशा त्यांना पाहायच्या होत्या. त्यातून ४८ चित्रांची मालिका तयार झाली.

या मंदिराबद्दल एक समजूत आहे. ज्या माणसाला भेटायची ओढ लागली आहे, मग तो जिवंत असो वा गेलेला, त्याचा चेहरा या हजार मूर्तींत कुठेतरी सापडतोच. म्हणून लोक या लांबलचक सभागृहातून सावकाश चालतात. हा शोध छायाचित्रातही घेता येतो का? लंडनच्या भिंतीवर जे टांगलेलं होतं ते नेमकं काय होतं: कान्नोनचं दर्शन, लाकडी शिल्पांची नोंद, की एका कलावंताची निर्मिती?

मराठी वाचकाला हा प्रश्न कदाचित अनावश्यक वाटेल. आपल्याकडे छापील देवाला देवपण द्यायला कुणी फारसा विचार केला नाही. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसमधून लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी पोचली, चौकटीत बसली, त्यांना हळदकुंकू लागलं. घरात गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घातला जातो, तिथी आली की त्याच्यापुढे पान वाढलं जातं. प्रतिमा छापील आहे म्हणून भक्तीत काही कमी पडत नाही. जपानमध्येही घरच्या बुद्ध-देवघराजवळ पूर्वजांचे फोटो असतात. तेव्हा यंत्राने काढलेली प्रतिमा पवित्र असू शकते का, याचं उत्तर दोन्ही समाजांनी व्यवहारात देऊन टाकलं आहे. खरा प्रश्न त्याच्या अलीकडे आहे. जे दाखवलं जातं ते दाखवायचा अधिकार कुणाचा, आणि कोणत्या अटीवर?

जपानी बौद्ध परंपरेत या प्रश्नाला मोठी धार आहे. शिंगोन पंथाचा संस्थापक कुकाई ८०६ साली चीनहून परतला तो ग्रंथांबरोबर मंडलचित्रंही घेऊन. आणलेल्या वस्तूंची यादी दरबारात सादर करताना त्याने लिहिलं की गूढ उपदेश इतका खोल आहे की अक्षरांत तो मावत नाही, त्याला चित्रांचा आधार लागतो. म्हणजे पाहणं हाच ज्ञानाचा मार्ग. पण याच देशात 'हिबुत्सु' म्हणजे गुप्त बुद्धमूर्तींची प्रथाही रुजली. मूर्ती लाकडी देव्हाऱ्यात बंद, दारं लावलेली. काही वर्षातून ठरलेल्या दिवशी उघडतात, काही अनेक वर्षांनी, आणि काही कधीच नाही. नागानोच्या झेन्कोजी मंदिरातली मुख्य मूर्ती तिथल्या पुजाऱ्यांनीही पाहिलेली नाही. तिच्या जागी दुसरी प्रतिनिधी मूर्ती लोकांपुढे येते, तीही सहसा सहा वर्षांनी एकदा. करोनामुळे २०२१चा हा सोहळा २०२२वर गेला. त्या दिवसांत प्रतिनिधी मूर्तीच्या हाताला बांधलेला धागा मंदिरासमोरच्या उंच खांबापर्यंत आणतात, आणि लोक रांगा लावून त्या खांबाला हात लावतात. डोळ्यांना जे मिळत नाही ते हाताला मिळतं.

म्हणजे न दिसणाऱ्या देवावर श्रद्धा कमी होत नाही, आणि दिसणाऱ्यावर आपोआप वाढतही नाही. पंढरपुरात मुखदर्शनाची आणि पदस्पर्शाची रांग वेगळी असते, आणि वारीत कळसाला हात जोडून परत फिरणारेही असतात. त्यांपैकी कुणाची भेट अपुरी राहिली असं वारकरी म्हणत नाही. झेन्कोजीच्या खांबाशी उभ्या असलेल्या माणसालाही तसंच वाटत असेल.

जपानमधल्या या बंद दारांवर एक मोठा घाव १८८४ साली पडला. नारा परिसरातल्या होर्युजी मंदिरात 'युमेदोनो' नावाचा अष्टकोनी मंडप आहे. त्यात एक कान्नोन मूर्ती शेकडो वर्षं कापडात गुंडाळलेली होती. अमेरिकी अभ्यासक अर्नेस्ट फेनोलोसा आणि त्यांचे जपानी सहकारी ओकाकुरा काकुझो सरकारी अधिकार घेऊन तिथे पोचले. हे तेच ओकाकुरा, जे पुढे विवेकानंद आणि रवींद्रनाथ यांच्या सहवासात आले. दार उघडलं तर भूकंप होईल, मंदिर कोसळेल अशी भिक्षूंना भीती होती. तरीही दार उघडलं गेलं आणि मूर्तीभोवतीचे कापडाचे लांबच लांब थर उलगडले. आत सातव्या शतकातली सोन्याच्या वर्खाची उभी मूर्ती होती, आणि तो वर्ख इतका टिकला होता तो झाकून ठेवल्यामुळेच. पुढे १८८८च्या सरकारी पाहणीत ओगावा काझुमासा हे छायाचित्रकार मंदिरामंदिरांतून फिरले, आणि त्यांच्या चित्रांनी जपानी शिल्पकलेचा इतिहास लिहिण्याचा पाया घातला. आज युमेदोनोची मूर्ती वसंतात आणि शरदात ठरलेल्या दिवसांसाठी भाविकांना पाहायला मिळते.

जग या उघडण्याचं ऋणी आहे, यात शंका नाही. पण ज्या भिक्षूंनी पिढ्यानपिढ्या ती मूर्ती झाकून सांभाळली त्यांना विचारलं कुणी? सत्तेच्या कागदापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. सुगिमोतोंची सात वर्षं आणि फेनोलोसांचा सरकारी हुकूम यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. सुगिमोतोंनी परवानगी मागितली, आणि मंदिराने ती द्यायला आपला वेळ घेतला. तो वेळ त्या चित्रांत मिसळलेला आहे.

मूर्ती मंदिराबाहेर नेताना जपानी पुजारी काय करतात ते पाहिलं तर हा फरक आणखी स्पष्ट होतो. दुरुस्तीसाठी किंवा संग्रहालयात प्रदर्शनासाठी मूर्ती हलवायची असेल तर अनेक मंदिरांत आधी एक विधी होतो. मूर्तीतलं चैतन्य विनंती करून बाजूला घेतलं जातं. मूर्ती परत आली की नेत्रोन्मीलनाचा विधी होतो आणि ती पुन्हा पूज्य होते. आपल्या प्राणप्रतिष्ठेशी आणि विसर्जनाशी याचं नातं उघड आहे. ते नुसतं साम्याचंही नाही. नाराच्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे ७५२ साली ज्याने रेखले तो बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला निळ्या रेशमाची लांब दोरी बांधली होती, आणि जमलेल्या लोकांनी ती धरली होती, म्हणजे डोळे उघडण्याच्या पुण्यात सगळ्यांचा वाटा असावा. तो कुंचला आणि जवळजवळ दोनशे मीटरची ती दोरी शोसोइन या भांडारात अजून जपून ठेवलेली आहे.

आता एक उदाहरण. २००९ साली तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात कोफुकुजी मंदिरातल्या आठव्या शतकातल्या असुरमूर्तीचं प्रदर्शन भरलं. तीन मुखं, सहा सडपातळ हात आणि कोवळ्या मुलाच्या चेहऱ्यावर उमटलेली काळजी. नऊ लाखांहून जास्त लोकांनी ती पाहिली. अशा प्रदर्शनांत काचेपुढे उभं राहून हात जोडणारी माणसं जपानमध्ये दिसतात. विधीनुसार चैतन्य बाजूला काढलेलं असलं तरी भाविकाचा हात जोडला जातो. मग छायाचित्रात काय उरतं, हा प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. पाहणारा काय घेऊन आला आहे, यावरही ते ठरतं.

छायाचित्रकार काय घेऊन आला, यावरही. दोमोन केन (१९०९–१९९०) मूर्तीच्या इतके जवळ गेले की भाविक कधी जात नाही. त्यांच्या 'जुन्या मंदिरांची यात्रा' या पाच खंडांत (१९६३–१९७५) कुठे मूर्तीचा फक्त हात आहे, कुठे ओठ, कुठे वस्त्राची चुणी. आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, आणि दोमोन तर चौकटीने मूर्तीचे तुकडेच करतात. तरीही त्या चित्रांत अनादर जाणवत नाही, कारण त्यामागे आयुष्यभराची जा-ये आहे. नारा प्रांतातल्या डोंगरात मुरोजी नावाचं छोटं मंदिर आहे, त्याचा पाच मजली स्तूप जेमतेम सोळा मीटर उंच. तिथे ते १९३९ साली पहिल्यांदा गेले आणि परत परत जात राहिले. १९६८मध्ये झालेल्या पक्षाघाताने त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं. मुरोजी बर्फात पाहायची इच्छा मात्र बाकी होती. बर्फ तिथे फारसं टिकत नाही. १९७८च्या हिवाळ्याअखेरीस ते जवळच मुक्कामाला राहून वाट पाहत बसले, मार्चमध्ये एका सकाळी बर्फ पडलं आणि ते चित्र झालं. त्यांच्या जन्मगावी, साकाता इथे, १९८३ साली त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं. छायाचित्रांसाठी वाहिलेलं जपानमधलं ते पहिलं संग्रहालय.

पण वाट पाहायला वेळच नसेल तर? होर्युजीच्याच सुवर्णमंडपाच्या भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरची चित्रं होती. अजिंठ्याशी त्यांचं नातं अभ्यासक नेहमी सांगतात. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आणि होर्युजीचा कान्नोन शेजारी ठेवले तर ते एकाच कुळातले वाटतात. १९३५ साली क्योतोच्या बेन्रिदो या मुद्रणसंस्थेने या भिंतींची मूळ आकारात, तुकड्यातुकड्यांनी, काचेच्या ३६३ पट्टिकांवर छायाचित्रं घेतली. रंग वेगवेगळे टिपणाऱ्या पट्टिकाही घेतल्या. १९४०पासून चित्रकारांचे गट भिंतींच्या हुबेहूब प्रती करू लागले. त्यांतल्या एका गटाचे प्रमुख होते आराई काम्पो. या माणसाने त्याच्या दोन दशकं आधी, रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आल्यावर, अजिंठ्याच्या चित्रांच्याही प्रती केल्या होत्या. तोक्योत ठेवलेल्या अजिंठ्याच्या प्रती १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. ते दुःख पचवून ते होर्युजीच्या भिंतींपुढे बसले. १९४५ साली त्यांचं निधन झालं, त्यामुळे पुढचं त्यांना पाहावं लागलं नाही.

२६ जानेवारी १९४९च्या सकाळी सुवर्णमंडपाला आग लागली आणि भिंतींवरचे रंग करपून गेले. त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी सांस्कृतिक संपदा संरक्षणाचा कायदा झाला. १९६७-६८ साली चित्रकारांनी नवी चित्रं काढली तेव्हा त्यांच्या कागदावर पायाला बेन्रिदोच्या छायाचित्रांचे फिकट ठसे होते. जळालेल्या भिंती मंदिराने फेकल्या नाहीत. राळ भरून त्या घट्ट केल्या, वेगळ्या इमारतीत ठेवल्या, आणि दरवर्षी २६ जानेवारीला भिक्षू तिथे प्रार्थना म्हणतात. अजिंठ्याच्या आधीच्या प्रतींचंही असंच झालं होतं. मेजर रॉबर्ट गिल यांच्या बऱ्याचशा प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या, आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या अनेक प्रती १८८५च्या आगीत. महाराष्ट्राला या इतिहासाकडे परका म्हणून पाहता येणार नाही. होर्युजीत छायाचित्र दर्शनाची जागा घेत नाही, ते साक्षीदाराचं काम करतं. आणि साक्षीदाराने वाट पाहत बसणं हा गुन्हाच ठरला असता.

वाट पाहणं जसं नेहमी योग्य नसतं, तसं झाकणं नेहमी श्रद्धेचंच असतं, असंही मानता येत नाही. नागासाकीवर बाँब पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्ट १९४५ला, लष्कराचे छायाचित्रकार योसुके यामाहाता शहरात पोचले. त्यांना प्रचारासाठी चित्रं आणायला पाठवलं होतं. त्यांनी आणली ती जळालेली शरीरं, रस्त्याकडेच्या आया, आणि हातात भाताचा गोळा धरून कॅमेऱ्याकडे पाहणारं जखमी मूल. अमेरिकी ताबा संपेपर्यंत लोकांना ही चित्रं नीट पाहता आली नाहीत. १९५२ साली ती छापली गेली. १९५६ साली एडवर्ड स्टायकन यांचं जगभर फिरणारं 'द फॅमिली ऑफ मॅन' हे प्रदर्शन तोक्योच्या ताकाशिमाया दुकानात भरलं, तेव्हा जपानी संयोजकांनी यामाहातांची चित्रं मोठी करून त्यात लावली. सम्राट प्रदर्शन पाहायला येणार म्हटल्यावर त्या चित्रांवर पडदा ओढला गेला, आणि नंतर ती काढूनच टाकली.

झेन्कोजीच्या देव्हाऱ्याचं दार आणि ताकाशिमायाचा हा पडदा, दोन्हींनी झाकलंच. पहिल्यात झाकणारा स्वतःलाही पाहण्यापासून वंचित ठेवतो. दुसऱ्यात ज्यांनी सोसलं त्यांचं दुःख दुसऱ्याच्या सोयीसाठी दूर सारलं जातं. पहिल्या झाकण्यात नम्रता आहे, दुसऱ्यात अन्याय. छायाचित्र-प्रदर्शनाची नैतिकता इथे ठरते: पडदा ओढणारा कुणाची लाज, कुणाची भक्ती, कुणाची सत्ता राखतो आहे?

मग ज्यांनी सोसलं त्यांच्याच हाती पडदा दिला तर काय होतं? मियाको इशिउची यांचं काम त्याचं उत्तर आहे. १९४७ साली जन्मलेल्या इशिउची २००७पासून हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयातले कपडे टिपतात. बाँबच्या दिवशी कुणाच्या ना कुणाच्या अंगावर असलेले हे कपडे आहेत: फुलाफुलांचा झगा, हाताने शिवलेला ब्लाउज, शाळकरी मुलाचा सदरा. त्या कृष्णधवल टाळतात, रंगांत काम करतात आणि साधा कॅमेरा हातात धरतात. पातळ कापड मागून उजळतं, तेव्हा जळलेल्या भोकांइतकीच एखादी नाजूक शिवण, एखादं ठिगळ, बटणाची जागा बदललेली खूण दिसते. कुणा आईने रेशनच्या दिवसांत जुना किमोनो उसवून मुलीसाठी झगा शिवला, हे त्या टाक्यांवरून कळतं. तो झगा घातलेली मुलगी चित्रात नाही. तिचा चेहरा दाखवायचा नाही, हे आधीच ठरलेलं आहे. तरी त्या कपड्याच्या उंचीवरून, खांद्याच्या रुंदीवरून पाहणाऱ्यासमोर एक माणूस उभं राहतं. ही चित्रं व्हँकुव्हरला आणि लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातही दाखवली गेली, म्हणजे ज्या देशाने बाँब टाकला तिथेही.

या कपड्यांचं चित्र काढण्याआधी ते संग्रहालयात यावे लागतात, आणि ते आणतात घरची माणसं. कुणी लगेच दिले, कुणी साठ-सत्तर वर्षं कपाटात ठेवून. आई गेली, आता तिच्या बहिणीचा झगा कोण सांभाळणार, या विचाराने कुणी घेऊन येतं. नवे कपडे येत राहिले, म्हणून इशिउचीही परत परत तिथे गेल्या. त्यांच्या चित्रांना भावुक शीर्षकं नाहीत. मालिकेचं नाव, क्रमांक, आणि त्यापुढे तो कपडा संग्रहालयाला देणाऱ्याचं नाव.